एकाच ताग्यातल्या ओढण्या

माणकचंद शेठ शहाणे आहेत, असे तळोद्याच्या पेठेत एकच माणूस मनापासून मानीत असे, आणि तो माणूस म्हणजे स्वतः माणकचंद शेठ. बाकीचे नुसती मान डोलवीत. लग्नसराईत चांगले लुगडे त्यांच्याच दुकानी मिळे, आणि दुकानदाराच्या अकलेवर वाद घालून कोणी लुगडे स्वस्त करून घेतल्याचे ऐकिवात नव्हते.

बारा वर्षांनी गुरू सिंह राशीत येतो, तेव्हा प्रकाशाला तापीत पर्वणीचे स्नान असते. मागच्या पर्वणीला शेठांच्या धानोऱ्याच्या साडूंचा मुलगा गर्दीत हरवला होता, आणि तिसऱ्या दिवशी एका कुंभाराच्या ओट्यावर ताक पिताना सापडला होता. मूल सापडले ही गोष्ट साडूंच्या लक्षात राहिली. ते कुंभाराकडे ताक प्याले ही शेठांच्या. तेव्हा या पर्वणीला तळोद्याचे, धानोऱ्याचे आणि शहाद्याचे अशी नात्यातली तीन घरे एकत्र निघायची ठरली, आणि मुलांच्या बंदोबस्ताचा भार शेठांनी आपण होऊन आपल्या डोक्यावर घेतला.

"पोरं हरवतात ती का?" दुकानाच्या मागच्या सोप्यात, तक्क्याला टेकून शेठांनी विचारले. उत्तराची वाट पाहण्याची त्यांना सवय नव्हती. "आया बावळट असतात म्हणून. एक लाल नेसते, दुसरी हिरवं, तिसरी जांभळं. पोर बिचारं कुणाचा पदर धरणार? या खेपेला आपल्या साऱ्या बायका एकाच रंगाच्या ओढणीत. पोरानं कुठलंही टोक धरावं, ते घरचंच! डोंगरातले लोक पोरं झोळीत बांधून हिंडतात, वासरं बांधावी तशी. आपण माणसं आहोत. आपण डोकं चालवतो."

"वा, बापूजी," पन्नालाल म्हणाला. पन्नालाल हा त्यांचा मुलगा. "वा, बापूजी" याखेरीज दुसरे काही त्याने वडिलांसमोर म्हटल्याचे कोणाला आठवत नव्हते.

दाराआड उभी राहून कंकुबाई हे सारे ऐकत होती. ती पन्नालालची बायको, वय बावीस. ओढण्यांसाठी आणलेला हळदी रंगाचा, लाल बुट्ट्यांचा तागा तिने ओळखला होता. गेल्या दिवाळीला असल्या ताग्यांची एक अख्खी गासडी गिरणीतून आली होती. बुट्टे छापताना साचा सरकला होता, त्यामुळे प्रत्येक बुट्ट्याला बाजूला एक फिकट सावली पडली होती, आणि पेठेतल्या एकाही बाईने ते कापड अंगाला लावून पाहिले नव्हते. डोके चालवले म्हणजे काय, ते तिला त्या सावलीवरून कळले. पण त्या घरात सुनेचा आवाज सासऱ्याच्या कानी पडणे म्हणजे भिंतीला भगदाड पडण्यासारखे होते. स्वतःच्या मुलीलासुद्धा ती हाकेने बोलवीत नसे. दोनदा बांगड्या वाजवी, आणि धापू धावत येई.

धापू चार वर्षांची होती. दोन मुलींच्या पाठीवर तिसरीही मुलगीच झाली, तेव्हा सासूबाईंनी तिचे नाव धापू ठेवले. धापू म्हणजे पोट भरले, आता पुरे. पुढे एका फाल्गुनात पहिल्या दोघी आठ दिवसांच्या अंतराने गोवराने गेल्या, आणि जिला 'पुरे' म्हटले होते तेवढीच उरली. कंकुबाईला त्या नावाची मनस्वी चीड होती. पण ते नाव तिने कधी मोठ्याने उच्चारलेच नव्हते, त्यामुळे ती चीड कुठे बाहेर पडायलाही वाट नव्हती.

पर्वणीच्या दिवशी सकाळी सहा गाड्या प्रकाशाच्या शिवेवर येऊन थांबल्या. सासूबाई नोजीबाई गुडघ्यांमुळे गाडीतच बसून राहिल्या. बाकीच्या सात बायका, साती जणी एकाच हळदी रंगाच्या, पिकल्या शेतातून उपटून आणलेल्या पेंढ्यांसारख्या ओळीने उभ्या राहिल्या. शेठांनी त्यांच्यावरून समाधानाने नजर फिरवली. मग मुलांना रांगेत उभे करून प्रत्येकाच्या मुठीत एकेका ओढणीचे टोक दिले.

"सोडायचं नाही. सुटलंच तर दुसरं पिवळं धरायचं. काय?"

"दुसरं पिवळं धरायचं," मुले एका सुरात म्हणाली.

गाडीवान दलपत बैलांना कडबा टाकीत होता. तो खाली मान घालूनच म्हणाला, "शेठ, पोरले हातले धरं म्हंजे झायं. फडकाले काय धरनं?"

"तू बैल सांभाळ," शेठ म्हणाले. "बैलांना अक्कल लागत नाही."

"हां, तेच करी ऱ्हायनू ना," दलपत म्हणाला, आणि कडब्याची पेंढी त्याने अशी काही आपटली की जवळची दोन मुले हसली.

पुढे शेठ, त्यांच्या मागे पुरुष, त्यांच्या मागे बायका, अशी ती वरात घाटाकडे निघाली. पन्नालाल कंकुबाईच्या तीन पावले पुढे होता. धापूला कडेवर घेतली असती तर तिचे वजन त्याला जाणवलेही नसते. पण वडिलांच्या देखत स्वतःच्या मुलाला उचलणे हा त्या घरात निर्लज्जपणा मानला जाई. मुलगी जन्मल्यापासून या बापाने तिला चारचौघांत हात लावला नव्हता, आणि या संयमाचे नातेवाइकांत कौतुक होत असे. काही माणसांना आपला भित्रेपणा ठेवायला संस्कारासारखी सुरेख पेटी मिळते. मग ती तो जन्मभर मिरवतात.

छातीपर्यंत ओढलेल्या घुंगटातून जग म्हणजे फक्त पाय असतात. कंकुबाईला जत्रा अशीच दिसत होती. भेगाळलेल्या टाचा, पायघोळ धोतरे, करकरणारे नवे जोडे, पिंडरीपर्यंत चिखलाने माखलेले डोंगरकरी पाय. माणसे किती आहेत हे तिला दिसत नव्हते. ती किती दुरून चालत आली आहेत, ते मात्र दिसत होते. तळणाचा वास, ओल्या वाळूचा वास, बांगड्यांच्या काचेची किणकिण. आणि या सगळ्यात, उजव्या बाजूला, ओढणीच्या टोकाला एक लहानसा ताण. तो ताण म्हणजे धापू. तो आहे तोवर सारे आहे, असे मनाशी म्हणत ती पायांमागून पाय टाकीत होती.

घाटाच्या वरच्या पायरीशी केदारेश्वराचे निशाण आले. शिंग वाजले, गर्दी दुभंगली, आणि मागून आलेल्या लोंढ्याने कंकुबाईला चार-पाच पायऱ्या खाली लोटले. ती भिंतीला धरून कशीबशी सावरली. पहिल्यांदा तिने ओढणीचा ताण पाहिला. होता. तिचा जीव भांड्यात पडला. निशाण जाईपर्यंत ती तिथेच उभी राहिली. मग चालू लागली, आणि मागोमाग तो ताणही चालू लागला.

"ए बाई! मन्ही पोर कोठे ली जाई ऱ्हायनी?"

कोणीतरी तिचा दंड धरून तिला गर्रकन फिरवले. समोर एक शेतकरीण उभी होती. तिने कंकुबाईच्या ओढणीला लोंबकळणाऱ्या एका मुलीला बखोटीला धरून ओढले. मुलगी सावळी होती, शेंबडी होती, हातात शिशाची कडी होती. ती धापू नव्हती.

"दिवसाढवळ्या पोरं उचलतस!" शेतकरीण म्हणाली. "तोंड लपाडीसन फिरतस, आनि म्हने सावकारन्या बाया!"

कंकुबाईने घुंगटाची कड वर केली. त्या बाईच्या डोक्यावरून पदरासारखे घेतलेले फडके हळदी रंगाचे होते. त्यावर लाल बुट्टे होते. प्रत्येक बुट्ट्याला बाजूला एक फिकट सावली होती.

तिने दुसऱ्या बाजूला पाहिले. भिंतीशी बसलेल्या म्हातारीच्या खांद्यावर तेच कापड. नदीत उभ्या असलेल्या तिघींच्या अंगावर तेच. जिलेबीच्या दुकानापाशी, पाळण्यापाशी, पायऱ्यांच्या तळापर्यंत जिकडे पाहावे तिकडे, मोहरीच्या शेतात वारा शिरावा तसे ते हळदी कापड हलत होते. आणि धापूला सांगितले होते, सुटलेच तर दुसरे पिवळे धरायचे. धापू आज्ञाधारक मुलगी होती.

हाक मारायला हवी, हे कंकुबाईला कळत होते. तिने तोंड उघडले. आत काहीच नव्हते.  तिने हात उंच करून बांगड्या वाजवल्या. दोनदा, मग दहादा. त्या घाटावर त्या वेळी हजार बायकांच्या बांगड्या वाजत होत्या.

मग तिने जे केले ते त्या घरात कोणी केले नव्हते. पायऱ्या चढून ती वर थांबलेल्या पुरुषांच्या रांगेत घुसली आणि तिने पन्नालालच्या कोटाची बाही ओढली.

"धापू," ती कुजबुजली. "धापू नाही."

पन्नालालने आधी वडिलांकडे पाहिले; मग बायकोकडे. एवढा वेळ त्याला पुरला नाही म्हणून त्याने पुन्हा वडिलांकडे पाहिले. "बापूजी," तो म्हणाला, "ती म्हणते, मुलगी दिसत नाही."

शेठांचा चेहरा क्षणभर उतरला. त्या एका क्षणात ते आजोबा दिसले. मग शेजारून शहाद्याचा एक सराफ जाताना दिसला, आणि ते पुन्हा माणकचंद शेठ झाले.

"हळू बोल," ते दात आवळून म्हणाले. "पेठेतली माणसं आहेत. कुठं जाणार? पिवळी ओढणी शोधा. जिथं पिवळं, तिथं पोर."

सगळ्यांनी मान वर करून पाहिले.  सारा घाट पिवळा होता.

याच वेळी दलपत तिथे आला. नोजीबाईंनी विसरलेला तांब्या देऊन त्याला धाडले होते. काय झाले ते ऐकून त्याने कपाळावर हात मारला. "शेठ, उरेल सगळी गासडी आपनच त डोंगरना पायथाना बजारमां इकी ना! मीच गाडी भरीसन ली गयथू. तुम्हीच सांगं, आठ आन्याले पडेल ते चारले दी टाक, पन माल हालाड. आख्खा डोंगर पिवळा करा तुम्ही!"

"चूप," शेठ म्हणाले.

"मी चूप बसस. पोर सापडी का त्याघाई?"

घाटाच्या वरच्या अंगाला स्वयंसेवकांचा तंबू होता. हरवलेली मुले तिथे आणून बसवीत, आणि आईबापांनी नावगाव सांगितले म्हणजे एक धिप्पाड हलकारा डफ वाजवीत घाटभर पुकारा करी. शेठ तंबूत गेले. कंकुबाई बाहेर कनातीला धरून उभी राहिली. आतून पाच-सहा मुलांचे रडणे ऐकू येत होते. प्रत्येक रडण्यात ती धापूचे रडणे शोधत होती, आणि ते नाही असे कळले की तिला एकदम बरे वाटे आणि लगेच जास्त वाईट वाटे.

"मुलगी. चार वर्षांची," शेठ आत सांगत होते. "तळोद्याकडची."

"कुणाबरोबर होती?" स्वयंसेवकाचा आवाज तरुण होता.

"पिवळ्या ओढणीला धरून होती."

आत कोणीतरी हसले. "सकाळपासून ही चौथी, शेठ. आज जो तो पिवळ्यालाच धरतोय. नाव सांगा, बापाचं नाव सांगा, आत्ता पुकारा करतो."

आत शेठांचे जोडे करकरले.

"नाव नको," शेठ म्हणाले. "पुकारा नको. आमची पेढी आहे. तळोद्याच्या माणकचंदाच्या घरची मुलगी जत्रेत हरवली, असा डफ वाजला तर... तुम्ही आपलं, एक मुलगी, एवढंच लिहून ठेवा."

"एक मुलगी," स्वयंसेवक म्हणाला. "असल्या चार आहेत. कुठली हवी?"

 या माणसाचा आवाज ऐकू आला की कंकुबाई इतकी वर्षे भिंतीला पाठ लावून उभी राहत आली होती. या माणसासाठी तिने आपला गळा एखाद्या दागिन्यासारखा पेटीत ठेवून दिला होता, आणि तो माणूस हा होता! नातीपेक्षा पेढीची पाटी मोठी मानणारा, खपत नाही तो माल घरच्यांच्या डोक्यावर घालणारा, आपलाच तागा सगळ्या डोंगराला विकून वर तोच रंग मुलांना खूण म्हणून सांगणारा. पावसाळ्यात ओल धरलेल्या भिंतीचा पोपडा निघावा तसा तिच्या मनातून भीतीचा एक मोठा तुकडा गळून पडला. खाली जे उघडे पडले, ते धैर्य मात्र नव्हते. ती किळस होती.

बाहेर येऊन शेठांनी पुरुषांना चारी दिशांना पाठवले. ते निघाले, धावले, एकमेकांनाच पुन्हापुन्हा भेटू लागले. धानोऱ्याचे साडू दोनदा त्याच जिलेबीच्या दुकानाशी जाऊन आले, आणि दुसऱ्यांदा आले तेव्हा त्यांच्या मिशीला पाक होता. ऊन चढले. पर्वणीची वेळ आली आणि गेली. नदीत माणसांनी डुबक्या मारल्या, ओंजळीने सूर्याला पाणी दिले. तापी त्या दिवशी फार शांत होती. पायऱ्यांच्या शेवटी जिथे पाणी हिरवे होत होते, तिकडे कंकुबाई पाहत नव्हती; पण दुसरीकडे कुठेही पाहिले तरी तिला तेच हिरवे दिसत होते.

शेवटी दलपत धापा टाकीत आला.

"वहिनी, चाला! खाले कासारना दुकानपाशी एक डोंगरनी बाई बठेल शे. तिना मांडीवर पोर शे."

तो शेठांशी न बोलता थेट तिच्याशी बोलला, हे सगळ्यांच्या लक्षात आले. कंकुबाई निघाली. घुंगट तिने तोंडाइतकाच ठेवला होता, पायऱ्या दिसाव्यात म्हणून.

निशाण आले तेव्हा ती जिथून लोटली गेली होती, त्या जागेपासून वीस पावलांवर, ऐन वाटेच्या मध्यावर, एक बाई मांडी घालून बसली होती. पाठीला झोळीत तान्हे मूल. अंगावर तेच पिवळे फडके. शेजारी तिचा नवरा उकिडवा बसला होता, आणि दोघांच्या भोवती त्यांच्या पाड्यातली पाच-सहा माणसे कडे करून उभी होती, म्हणून वरून ती कोणाला दिसली नव्हती. येणारेजाणारे त्यांना शिव्या देत, ढकलत, वळसा घालून जात होते. ती बाई जागची हलत नव्हती. तिच्या मांडीवर धापू भाजलेल्या मक्याचे दाणे एकेक करून खात होती. रडण्याची एकही खूण तिच्या चेहऱ्यावर नव्हती.

कंकुबाईचे पाय तिथेच थांबले. तिला वाटले होते, दिसताच आपण झेप घेऊ. पण सुखालाही अंगात शिरायला वाट लागते, आणि तिच्या अंगातल्या साऱ्या वाटा भीतीने भरून गेल्या होत्या.

तेवढ्यात शेठ पुढे झाले.

"ए बाई, पोर आमनी शे. दे इकडे."

बाईने वर पाहिले. तिचे नाव हिरीबाई. पाड्यातली माणसे तिला त्याच नावाने हाक मारीत होती. घरी ती भिलीत बोलत असेल. इथे ती बाजाराची अहिराणी बोलली.

"तुन्ही शे?" ती म्हणाली. "आते एक पिवळी ओढनीवाली उनथी, ती बी म्हने मन्ही. एक फेटावाला उना, तो बी म्हने आमनी. आते तू. कितल्या बापन्या पोरी शे ही?"

कड्यातली माणसे हसली. पिवळ्या ओढणीची ती कंकुबाईची शहाद्याची जाऊ असणार, आणि फेटेवाले धानोऱ्याचे साडू. पण हे सांगायला दोघेही तिथे नव्हते; ते शेठांनाच शोधायला गेले होते.

"मुलगी चोरून नेत होतीस," शेठ ओरडले, आणि आता मात्र त्यांना पेठेची आठवण राहिली नाही. "पोलिसाला बोलावतो!"

"आन पोलीसले. मी आठेच शे. चोरी करानी ऱ्हाती त आठे बठती का, रस्तामां? निसती मन्हा फडकाले धरीसन उनी. जठे सापडनी तठेच बठनू. मी हालनू त तिनी माय कोठे धुंडी?" तिने नवऱ्याकडे बोट दाखवले. "हाऊ सकायपासून बोंबली ऱ्हायना, नहावानं ऱ्हायनं, नहावानं ऱ्हायनं. म्हनं, पानी काय पळी जास का?"

"तीच वेळ होती ना," नवरा पुटपुटला.

"तू मुका बस. तुन्ही पोर दवडाती त वेळ दखता का?"

शेठांनी हात पुढे करून धापूला म्हटले, "चल, बेटा." धापूने त्या हाताकडे पाहिले. तो हात तिने फक्त गल्ल्यावर आणि गादीवर पाहिलेला होता. ती हिरीबाईच्या कुशीत आणखी सरकली. शेठांनी मागे वळून मुलाकडे पाहिले. पन्नालाल एक पाऊल पुढे आला; वडील बघताहेत हे दिसताच थांबला; आणि आपल्या जोड्यांकडे पाहू लागला. त्या जोड्यांना त्या दिवशी फार पाहणारे मिळाले.

"ये मजा शे," हिरीबाई कड्यातल्या माणसांना म्हणाली. "आजला, बाप, आख्खं घर उनं, आनि पोर एकनाकडे बी जात नही!" मग तिची नजर मागे उभ्या असलेल्या कंकुबाईवर गेली. तिच्या अर्धवट पुढे आलेल्या हातांवर. तिचे डोळे बारीक झाले. "तू माय शे ना? मंग तठे काय खांब व्हई ऱ्हायनी? हाक मार तिले. तुन्हाकडे उनी त तुन्ही."

कंकुबाईने हात वर केला. बांगड्या वाजल्या. शेजारच्या कासाराच्या दुकानात बायका बांगड्या भरत होत्या. धापूने त्या बाजूला मान वळवली आणि पुन्हा मका खाऊ लागली.

"हाक मार म्हनस मी!" हिरीबाई म्हणाली. "मुकी शे का? तोंड शे ना तुले? मन्ही शेळी बी पिल्लूले बलावस!"

पुन्हा हशा झाला. त्या हशाने कंकुबाईला लाज वाटायला हवी होती, आणि वाटलीही. पण ती लाज सासऱ्यासमोरची नव्हती. या बाईने आपला दिवस, आपले पुण्य, नवऱ्याची कुरकुर आणि रस्त्यातल्या शिव्या एका परक्या मुलीसाठी मांडीखाली दाबून धरल्या होत्या. आणि मुलीची आई दुपारपर्यंत बांगड्या वाजवीत होती. इतका वेळ ज्यांच्याविषयी तिच्या मनात किळस साठत होती, त्यांच्याच ओळीत, त्यांच्याच ताग्यातली ओढणी घेऊन आपण उभ्या आहोत, हे तिला त्या उन्हात लख्ख दिसले. हिरीबाईच्या डोळ्यांतला तुच्छभाव तिने खाली मान न घालता पाहून घेतला. तो अगदी रास्त होता.

तिने घुंगट मागे टाकला.

"धापू!"

तो आवाज कोणालाच ओळखीचा नव्हता. फाटका, घोगरा, मध्येच चिरकलेला. विहिरीचा रहाट कैक वर्षांनी फिरवल्यावर निघावा तसा. पन्नालालने दचकून वर पाहिले. धापूनेही पाहिले, पण ती उठली नाही. चेहरा भाभीचा होता. घरातल्या साऱ्यांप्रमाणे ती आईला भाभी म्हणे. आवाज मात्र भलत्याच कोणाचा होता.

"बीनणी!" शेठ सुनेला दटावून म्हणाले.

"धापू! अगं धापू, इकडे ये! मी आहे!"

या वेळी नाव नीट उमटले. दुसऱ्या हाकेत ते 'पुरे' उरले नव्हते. एका मुलीला बोलवायचे, एवढेच त्याचे काम उरले होते. धापू उभी राहिली. मक्याचे दाणे फ्रॉकमधून सांडले. ती थोडी अडखळत, आधी चालत आणि मग पळत आली, आणि तिने आईच्या गुडघ्यांना मिठी मारली. ओढणीचे टोक तिने धरले नाही. कंकुबाईने तिला उचलली, आणि मग ती रडली. मोठ्याने, तोंड उघडून, सासऱ्याच्या आणि सराफाच्या आणि साऱ्या खानदेशाच्या देखत.

हिरीबाई उठली. बसून बसून तिच्या पायाला मुंग्या आल्या होत्या. तिने पाय झटकला. झोळीतले मूल तिने एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतले.

"इतलंसं काम व्हतं," ती म्हणाली. "सकायलेच करती त मन्हा धनीनी आंघोय व्हई जाती." आणि कंकुबाई काही बोलेल याची वाट न पाहता ती आपल्या माणसांना घेऊन पाण्याकडे निघाली. कंकुबाईला बोलायचे खूप होते. पण एवढे बोलायला लागणारी सवय तिला नव्हती. जी थोडी आज झाली होती, ती सगळी त्या दोन हाकांत खर्च झाली होती.

शेठांनी फेटा सारखा केला. ते आसपास जमलेल्यांकडे पाहून, एखाद्या सौद्याचा शेवट करावा तशा सुरात म्हणाले, "पाहिलंत? शेवटी पोर पिवळ्यालाच धरून राहिली. दुसऱ्या कुठल्या रंगाला धरलं असतं तर गेली असती आज. बंदोबस्त म्हणतात तो हा!"

"वा, बापूजी," पन्नालाल म्हणाला.

दलपत खाली बसून हसू लागला. त्याला उठवेना.

"बीनणी, घुंगट घ्या," शेठ हळूच म्हणाले. "लोक पाहताहेत."

"मला पायऱ्या दिसायला हव्यात, बापूजी," कंकुबाई म्हणाली. सासऱ्याशी बोललेले तिचे ते पहिले वाक्य होते. ते काही थोर नव्हते. पायऱ्या खरोखरच उंच होत्या आणि मुलगी जड होती. ती वर चढू लागली. पुरुष क्षणभर घुटमळले, आणि मग बाईच्या मागे चालायचे कसे हे ठाऊक नसल्यामुळे एकमेकांच्या पायांत पाय अडकवीत मागोमाग येऊ लागले.

धापूने मक्याचा वास येणारे तोंड आईच्या कानाशी नेले. "भाभी, तू ओरडलीस," ती म्हणाली. मग थोडा विचार करून, "अजून एकदा ओरड ना."

कंकुबाई घाटाच्या मध्यावर थांबली. खाली गर्दी होती, वर गर्दी होती, पिवळे कापड सगळीकडे वाऱ्यावर होते. आणि मुलगी कडेवर घट्ट धरलेली असताना, काही कारण नसताना, तिने तिला नाव घेऊन पुन्हा एकदा हाक मारली.